मेलमन लिस्टचे मेंबर आपोआप बंद पडतायत? बंद पडलेल्यांना नको, पाठवणाऱ्याला तपासा

मेलमन म्हणजे मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर, लिस्टच्या पत्त्यावर आलेली मेल ते सगळ्या मेंबरांना पाठवतं. लक्षणं आधी लिहिते, जुळली तरच पुढचं वाचा.

लिस्टच्या ओनरला एकाच दिवशी, कधी कधी एकाच तासात, भराभर सूचना येतात की अमुक मेंबरची डिलिव्हरी जास्त बाउन्स झाल्यामुळे (म्हणजे मेल न पोचता परत आल्यामुळे) बंद केली, तमुकची बंद केली. मेंबरांची यादी उघडली की त्यांच्या नावापुढे नोमेलची (मेल पाठवणं थांबवल्याची) खूण आणि तिच्यात 'बी' हे अक्षर, म्हणजे बाउन्समुळे बंद. यादी नीट बघितली तर बंद पडलेले जवळपास सगळे जीमेल, याहू नाहीतर आउटलुकवाले. पण त्यांना थेट मेल केली तर ती व्यवस्थित जाते, पत्ता चालू असतो, इनबॉक्स भरलेला नसतो. मग कुणीतरी कळवतं की अर्काइव्हमध्ये (लिस्टच्या जुन्या मेलच्या साठ्यात) एक मेल दिसतेय पण मला ती आलीच नाही, आणि दोन-तीन जणांकडून ऐकलं की कळतं न पोचलेल्या मेल एकाच माणसाच्या असतात. तुम्ही सगळ्यांना परत चालू करता, महिना दोन महिने शांतता, की पुन्हा तेच.

हे सगळं किंवा यातलं बरंचसं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कुणालाच काही मेल जात नसेल तर आजार वेगळा, तिथे आधी पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा सर्व्हर प्रोग्रॅम) आणि मेलमनचे रनर (मागे सतत चालणारे त्याचे प्रोग्रॅम) चालू आहेत का ते बघा, डिस्क भरलीय का बघा.

मी एका फ्री सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लिस्ट बरीच वर्षं सांभाळतेय आणि ओळखीतून इतर दोन-तीन संस्थांच्याही, आणि हाच बिघाड मी मेलमन २.१ वर आणि मेलमन ३ वर, दोन्हीकडे पुन्हा पुन्हा दुरुस्त केलाय. पहिल्या वेळी मात्र मी चुकीच्या लोकांच्या मागे लागले होते. आमच्याकडे भाषांतर करणारा एक मुलगा होता, रिलीजच्या आधीच्या आठवड्यात रोज न चुकता मराठी भाषांतराच्या शंका लिस्टवर टाकायचा, फार मनापासून काम करायचा. आणि दर रिलीजच्या आसपास आमचे निम्मे मेंबर बंद पडायचे. मी बंद पडलेल्यांना लिहायचे की तुमचा मेलबॉक्स तपासा, स्पॅम बघा, जागा मोकळी करा. ते बिचारे तपासायचे, त्यांच्याकडे सगळं ठीक असायचं. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. नंतर एकदा लॉग समोर ठेवून तारखा जुळवल्या तेव्हा कळलं की प्रत्येक बाउन्स त्या एका मुलाच्या मेलचा होता, आणि त्याचाही काही दोष नव्हता, त्याच्या मेल डोमेनची पॉलिसी तशी होती.

म्हणून तपासण्यांच्या आधी थोडं कारण समजून घ्या, नाहीतर पुढच्या सेटिंग अंधारात बदलल्यासारख्या होतील.

मेल कुणाच्या नावाने आलीय हे आपण फ्रॉम या ओळीत वाचतो. डीमार्क नावाची व्यवस्था असं म्हणते की फ्रॉममध्ये जे डोमेन आहे त्याच्याशी जुळणारा निदान एक पुरावा पाहिजे, एकतर एसपीएफ (ज्या सर्व्हरवरून मेल आली त्याला परवानगी आहे का) किंवा डीकेआयएम (मेलवर त्या डोमेनची डिजिटल सही आहे का आणि ती शाबूत आहे का). आता लिस्टचं काय होतं, मेल लिस्टच्या सर्व्हरवर येते आणि तिथून पुन्हा सगळ्यांना जाते, म्हणजे पाठवणारा सर्व्हर बदलला. लिफाफ्यावरचा पत्ताही लिस्टचा होतो, त्यामुळे एसपीएफ पास झालं तरी ते लिस्टच्या डोमेनचं, फ्रॉमशी जुळत नाही. उरलं डीकेआयएम. ते लाखेच्या सीलसारखं आहे, आत एक अक्षर बदललं तरी मोडतं. आणि लिस्ट काय करते, विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात लिस्टचं नाव लावते, खाली फूटर जोडते. सील मोडलं. दोन्ही पुरावे गेले. अशा वेळी काय करायचं हे पाठवणाऱ्याचं डोमेन डीएनएसमध्ये (डोमेनांच्या जाहीर नोंदवहीत) लिहून ठेवतं, तिथे 'रिजेक्ट' लिहिलं असेल तर समोरचा जीमेलचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला सांगतो की ही मेल घेणार नाही. आणि मेलमनला वाटतं की घेणाऱ्या मेंबरचाच पत्ता खराब आहे! त्या मेंबरचा बाउन्सचा स्कोअर वाढवतं.

हे सगळं २०१४ च्या एप्रिलमध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, याहूने आपली पॉलिसी रिजेक्टवर नेली, त्याच महिन्यात एओएलनेही, आणि जगभरातल्या लिस्ट एका आठवड्यात आजारी पडल्या. डीमार्कचं आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७४८९ तर त्यानंतर, मार्च २०१५ ला आलं. आज कंपन्या, बँका, सरकारी खाती अशा कितीतरी डोमेनवर रिजेक्ट असतं, त्यामुळे 'आमच्याकडे याहूवाले कुणी नाहीत' हे कारण पुरत नाही.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या आधी.

सगळ्यात आधी ही तक्रार खरंच बिघाडाची आहे का ते बघा. 'मी लिस्टवर पाठवलेली मेल मलाच आली नाही' असं म्हणणारा जीमेलवाला असेल तर तिथे काहीच बिघडलेलं नाही, जीमेल तुमच्याच मेलची लिस्टवरून परत आलेली प्रत इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही, ती पाठवलेल्यात आहे तेवढीच राहते. हे आधी बघायचं कारण एवढंच की अशा तक्रारीवरून लोक सर्व्हरच्या सेटिंग बदलायला लागतात आणि चांगलं चालणारं बिघडवतात.

मग बाउन्स प्रत्यक्ष वाचा. किती झाले ते मोजत बसू नका, त्यात लिहिलंय काय ते वाचा. मेलमन २.१ जेव्हा मेंबर बंद केल्याची सूचना ओनरला पाठवतं तेव्हा ज्या बाउन्समुळे बंद केलं तो खाली जोडलेला असतो, तो उघडा. सर्व्हरवर जाता येत असेल तर पोस्टफिक्सच्या मेल लॉगमध्ये त्या मेंबरचा पत्ता शोधा, समोरच्या सर्व्हरचं उत्तर शब्दशः तिथे असतं. तिथले आकडे महत्त्वाचे. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, तो माणूस नोकरी सोडून गेला असेल, त्याला बंद केलं ते बरोबरच. ५.२.२ किंवा ४.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय. ४ ने सुरू होणारे तात्पुरते नकार असतात, सर्व्हर थोड्या वेळाने परत प्रयत्न करतो. आणि ५.७.२६, त्याच्या सोबत डीमार्क हा शब्द आणि एखाद्या डोमेनचं नाव, हा आपला रोगी. ते डोमेन घेणाऱ्याचं नसतं, पाठवणाऱ्याचं असतं, हे नीट बघा, माझी दोन वर्षं याच एका ओळीकडे न बघितल्यामुळे गेली. ५.७.१ आणि त्यात आयपी पत्ता किंवा स्पॅमचा उल्लेख असेल तर पुढे सर्व्हरच्या तपासणीवर थेट उडी मारा.

नंतर त्या डोमेनची पॉलिसी बघा. डिग ही कमांड वापरा, टीएक्सटी रेकॉर्ड मागा, आणि डोमेनच्या आधी अंडरस्कोर डीमार्क आणि टिंब लावा. फोनवरून करायचं तर डीएनएस दाखवणारी कुठलीही वेबसाइट चालेल. उत्तरात पी बरोबर काय लिहिलंय ते बघा. नन असेल तर बाउन्सचं कारण डीमार्क नाही, दुसरीकडे शोधा. रिजेक्ट असेल तर निदान पक्कं झालं. क्वारंटाइन असेल तर जास्त सावध राहा, कारण त्यात बाउन्स येतच नाही, मेल गुपचूप स्पॅममध्ये जाते, मेंबर बंद पडत नाहीत, लॉगमध्ये काही दिसत नाही आणि लोक फक्त म्हणतात की हल्ली लिस्टवर कुणी बोलत नाही. सबडोमेनवरून मेल येत असेल आणि तिथे स्वतःचं रेकॉर्ड नसेल तर मूळ डोमेनचं रेकॉर्ड लागू होतं, आणि त्यात एसपी असेल तर सबडोमेनसाठी तेच धरायचं.

निदान झालं की खरा उपाय मेलमनच्या आतच आहे, आणि तो तिथे कसा आला याचीही गोष्ट आहे. २०१३-१४ मध्ये मेलमनच्या डेव्हलपरांमध्ये यावर खूप चर्चा झाली. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, आणि तत्त्व म्हणून मलाही ते पटतं, की फ्रॉममध्ये लिहिणाऱ्याचंच नाव पाहिजे, मेलच्या नियमांत ती ओळ लेखकाची आहे, लिस्टने त्यात हात घालायचा नाही. दुसऱ्यांचं म्हणणं की तत्त्व ठीक आहे पण लोकांना मेल मिळत नाहीत, आज काय करायचं? मग दोन पर्याय झाले. एक म्हणजे मंज फ्रॉम, यात फ्रॉममध्ये 'अमुक व्हाया लिस्ट' असं नाव आणि लिस्टचा पत्ता येतो, मूळ लेखकाचा पत्ता रिप्लाय-टू नाहीतर सीसीमध्ये जातो. दुसरा रॅप मेसेज, यात मूळ मेल जशीच्या तशी नव्या मेलच्या पोटात अटॅचमेंट म्हणून जाते, सील शाबूत राहतं, पण कितीतरी मेल अ‍ॅपमध्ये, विशेषतः फोनवर, ती वाचणं जिकिरीचं होतं. २.१.१६ मध्ये हे पर्याय सगळ्या मेलना सरसकट लावायची सोय आली आणि मे २०१४ मध्ये २.१.१८ आलं त्यात पाठवणाऱ्याच्या डोमेनची पॉलिसी बघून फक्त गरज असेल तिथेच लावायची सोय आली. मला हा गरजेपुरतंच लावायचा तोडगा चर्चेतून निघालेला सगळ्यात समंजस निर्णय वाटतो, कारण ज्यांच्या डोमेनवर कडक पॉलिसी नाही त्यांची मेल अजूनही त्यांच्याच नावाने जाते.

तर सेटिंग. २.१ मध्ये प्रायव्हसी ऑप्शन्समध्ये सेंडर फिल्टर्सखाली डीमार्क मॉडरेशन अ‍ॅक्शन आहे, ते मूळचं अ‍ॅक्सेप्टवर असतं, ते मंज फ्रॉम करा, आणि त्याखालचा क्वारंटाइनचा प्रश्न 'होय' वर आहे ना बघा. जनरल ऑप्शन्समधलं फ्रॉम इज लिस्ट मात्र 'नो' ठेवा, ते सरसकट सगळ्यांना लागतं. मेलमन ३ मध्ये पोस्टोरियसमध्ये (त्याच्या वेब पानांवर) लिस्टच्या सेटिंगमध्ये डीमार्क मिटिगेशन्स हे पान आहे, तिथे मंज फ्रॉम निवडा आणि 'अनकंडिशनली' वालं बंद ठेवा. तिथेच रिजेक्ट आणि डिस्कार्ड हेही पर्याय दिसतील, म्हणजे अशा डोमेनवरून आलेली मेल लिस्टनेच नाकारायची. ते कृपा करून निवडू नका, मनापासून काम करणाऱ्या माणसाला त्याच्या मेल कंपनीच्या पॉलिसीसाठी दाराबाहेर ठेवल्यासारखं होतं.

मंज फ्रॉमचे दोन दुष्परिणाम आहेत आणि ते मेंबरांना आधीच सांगा. लोकांची मेल अ‍ॅप पत्ते आपोआप साठवतात, मग 'अमुक व्हाया लिस्ट' या नावाखाली लिस्टचा पत्ता साठवला जातो, आणि पुढे कधी त्या माणसाला खाजगी मेल लिहायला गेलं की नाव टाइप केल्यावर अ‍ॅप तो पत्ता सुचवतं आणि खाजगी मेल सगळ्या लिस्टला जाते. आमच्याकडे झालंय हे, एकाने आजारपणाबद्दल मित्राला लिहिलेली मेल सगळ्यांनी वाचली, त्याला किती वाईट वाटलं असेल. दुसरा, लिस्टवर पॅच (कोडमधले बदल) पाठवणाऱ्या प्रकल्पांसाठी, गिट (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) फ्रॉममधून लेखकाचं नाव उचलतं, त्यामुळे कमिटचा लेखक म्हणून लिस्टचा पत्ता लागतो आणि वर्षानुवर्षं इतिहासात तसाच राहतो. त्यावर उपाय म्हणजे पॅचच्या मजकुरात पहिल्या ओळीत फ्रॉम पुन्हा लिहायचं, गिट ते मान्य करतं, आणि फॉरमॅट-पॅचला 'फोर्स इन बॉडी फ्रॉम' हा पर्याय दिला की ते आपोआप होतं. नवीन लोकांच्या मार्गदर्शिकेत हे टाकून ठेवा.

आता सेटिंग केली आणि तरीही बाउन्स येतायत, असंही होतं. मग ती सेटिंग खरंच लागू झाली का ते बघा. कडक पॉलिसीच्या डोमेनवरून एक चाचणी मेल पाठवा आणि आलेल्या मेलचा फ्रॉम बघा, 'व्हाया' दिसला पाहिजे. दिसत नसेल तर २.१ मध्ये नेहमीचं कारण म्हणजे सर्व्हरवर डीएनएसपायथन ही लायब्ररीच नाही. मेलमनला पॉलिसी बघायला ती लागते, नसेल तर बघणंच होत नाही आणि मेल न बदलता पुढे जाते. आणि कधी 'व्हाया' दिसतो कधी नाही असं असेल तर सर्व्हरचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारून उत्तर आणणारा प्रोग्रॅम) अडखळतोय, एरर लॉगमध्ये डीमार्क पॉलिसी विचारता आली नाही अशा ओळी शोधा. सर्व्हरवरच एक छोटा रिझॉल्व्हर, अनबाउंडसारखा, बसवला की हे थांबतं. मेलमन ३ ला मूळ डोमेन कुठलं ते ठरवायला पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची फाइल इंटरनेटवरून आणावी लागते, तेव्हा बाहेर जाणारा वेब ट्रॅफिक फायरवॉलने अडवलेला नाही ना तेही बघा.

यापेक्षा वेगळा रस्ता आहे तो मला स्वतःला जास्त आवडतो, पण त्याला मेंबरांची तयारी लागते. तो म्हणजे मेलला हातच लावायचा नाही. लिनक्स कर्नलच्या लिस्ट बघा, विषयात प्रीफिक्स नाही, खाली फूटर नाही, जशी आली तशी पुढे, त्यामुळे सील मोडत नाही आणि डीकेआयएमचा पुरावा टिकतो. पॅच चालणाऱ्या लिस्टला हेच शोभतं. लोक म्हणतात प्रीफिक्स नसेल तर लिस्टची मेल वेगळी कशी करायची. त्यासाठी लिस्ट-आयडी हे हेडर आहे, आरएफसी २९१९, २००१ पासून आहे ते, जीमेलसकट सगळीकडे त्यावर फिल्टर लावता येतो. फूटरमध्ये लिस्ट सोडण्याची लिंक असते म्हणतात, त्यासाठी लिस्ट-अनसबस्क्राइब हेडर १९९८ च्या आरएफसी २३६९ पासून आहे आणि बरीच मेल अ‍ॅप त्यावरून थेट बटण दाखवतात.

पण हे करायचं तर पूर्ण करा, अर्धवट नको. प्रीफिक्स काढला आणि फूटर ठेवला तर उपयोग शून्य. कंटेंट फिल्टरिंग चालू असेल, म्हणजे एचटीएमएलचं साधं टेक्स्ट करणं किंवा अटॅचमेंट काढणं, तर मजकूर बदलतो आणि सील मोडतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'डीकेआयएम हेडर काढा' असं चालू केलेलं असेल तर सहीच गायब होते. लिस्टने रिप्लाय-टू बदलला आणि पाठवणाऱ्याच्या डोमेनने त्या हेडरवरही सही केलेली असेल तरी मोडतं. आणि आपल्यासारख्या देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी खास सांगते, फूटर जोडताना मेलमन कधी कधी मजकुराचं एन्कोडिंग नव्याने करतं. डोळ्यांना तीच अक्षरं दिसतात, पण तारेवरून जाणारे बाइट वेगळे आणि सही बाइटांवर असते. तेव्हा फूटर 'फक्त एक ओळीचा' असला तरी चालेल असं समजू नका. या रस्त्याने गेलात तर मंज फ्रॉमची अट असलेली सेटिंग काढून टाकावी लागते, नाहीतर मेलमन पॉलिसी बघून फ्रॉम बदलतच राहील. आणि काही थोड्या मेल तरीही बाउन्स होतील, कारण काही डोमेन फक्त एसपीएफवर अवलंबून असतात, डीकेआयएमची सहीच करत नाहीत.

बाउन्सच्या हिशोबाकडे आता या. मूळ सेटिंग अशी असते की ५ स्कोअर झाला की मेंबर बंद, एका दिवसात कितीही बाउन्स झाले तरी एकच धरायचा, पक्क्या नकाराला १ आणि तात्पुरत्याला अर्धा, आणि ७ दिवसांत नवा बाउन्स आला नाही तर आधीचं विसरायचं. म्हणजे कडक डोमेनवाला एखादा माणूस आठवड्यापेक्षा जास्त अंतराने लिहीत असेल तर काही होत नाही, पण सलग पाच दिवस लिहिलं की पाचव्या दिवशी सगळे जीमेलवाले एकदम बंद. आमच्याकडे रिलीजच्या आठवड्यातच का व्हायचं ते यावरून कळलं. खूप जण हा आकडा ५ वरून ५० करतात नाहीतर बाउन्स प्रोसेसिंगच बंद करून टाकतात. तसं करू नका, मेल तर तरीही पोचत नाहीतच, फक्त तुम्हाला कळायचं बंद होतं, आणि मेलेल्या पत्त्यांवर मेल पाठवत राहिलात की मोठ्या मेल सेवांकडे तुमच्या सर्व्हरची पत घसरते.

त्याऐवजी व्हर्प प्रोब चालू करा. हे इतकं उपयोगी असून मूळ सेटिंगमध्ये बंद का असतं हे मला अजून उमगलेलं नाही. स्कोअर भरला की मेलमन त्या मेंबरला लगेच बंद न करता लिस्टच्या स्वतःच्या पत्त्यावरून एक चाचणी मेल पाठवतं, ती पण बाउन्स झाली तरच बंद करतं. डीमार्कच्या प्रकरणात चाचणी मेल कुणा तिसऱ्याच्या नावाची नसते म्हणून ती पोचते, आणि निष्पाप मेंबर वाचतो. २.१ मध्ये हे सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे, ३ मध्ये एमटीए या विभागात. त्यासाठी पोस्टफिक्समध्ये रेसिपियंट डिलिमिटर म्हणून अधिकचं चिन्ह दिलेलं पाहिजे, नाहीतर चाचणीचे बाउन्स परत येऊन ओळखले जाणार नाहीत.

यापुढचं अवघड आहे आणि चुकलं तर लिस्टच्या पलीकडेही नुकसान होतं. मंज फ्रॉम लावल्यावर फ्रॉममध्ये तुमचं डोमेन आलं, म्हणजे पुरावा आता तुमच्या डोमेनचा लागतो. त्यामुळे लिस्टच्या डोमेनचं एसपीएफ, बाहेर जाणाऱ्या मेलवर स्वतःची डीकेआयएम सही (ओपनडीकेआयएम किंवा आरस्पॅमडी करतं), आणि सर्व्हरच्या आयपीचं उलटं नाव म्हणजे पीटीआर, हे तिन्ही नीट पाहिजेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सगळ्यांकडूनच निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि पीटीआर मागतं, आणि दिवसाला जीमेलवर ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडून दोन्ही, शिवाय डीमार्क रेकॉर्ड. ५,००० हा आकडा मोठा वाटतो पण ८०० जीमेल मेंबर आणि दिवसाला सात मेल झाल्या की ओलांडला. आयपीव्ही६ विसरू नका, बऱ्याच सर्व्हरवर आयपीव्ही४ चं पीटीआर नीट असतं आणि ६ चं केलेलंच नसतं, आणि पोस्टफिक्स जीमेलशी ६ वरून बोलतं. पीटीआर होईपर्यंत पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा, तात्पुरतं चालतं. एसपीएफमध्ये अजून एक मर्यादा, त्यात १० पेक्षा जास्त डीएनएस चौकश्या झाल्या की सगळं रेकॉर्डच नापास धरलं जातं.

सगळ्यात शेवटचा, सगळ्यात महागडा उपाय म्हणजे २.१ वरून ३ वर जाणं. २.१ पायथन २ वर चालतं आणि पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, डेबियन ११ पासून मेलमन २.१ पॅकेजमध्येही नाही. ३ मध्ये एआरसीची सोय आहे, आरएफसी ८६१७, यात लिस्ट 'माझ्याकडे आली तेव्हा सही शाबूत होती' असा दाखला मेलला जोडते. डेव्हलपरांना यातून मोठी आशा होती आणि कल्पना चांगलीच आहे, पण त्या दाखल्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणारा सर्व्हर ठरवतो, त्यामुळे फक्त एआरसीसाठी म्हणून ३ वर जाऊ नका. जायचं तर इम्पोर्ट२१ ही कमांड सेटिंग आणि मेंबर आणते, अर्काइव्ह हायपरकिटीमध्ये (३ च्या अर्काइव्हचा प्रोग्रॅम) वेगळं भरावं लागतं, आणि त्याआधी जुनी एमबॉक्स फाइल क्लीनआर्चने तपासून घ्या, नाहीतर एकेका मेलचे दोन तुकडे होतात.

आता कुठे थांबायचं. तुमच्याकडे रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) नसेल आणि लिस्ट सीपॅनलवर (होस्टिंगवाल्यांच्या तयार पॅनलवर) असेल तर वेब पानावरच्या सेटिंगपुढे जाऊ नका, तिथलं मेलमन त्यांनी बदललेलं असतं, फाइल बदलल्यात तर पुढच्या अपडेटला जाईल, होस्टिंगवाल्याला तिकीट टाका आणि बाउन्सचा पूर्ण मजकूर जोडा. डोमेन संस्थेचं असेल, म्हणजे त्याच डोमेनवरून हिशेब खात्याच्या आणि प्रवेशाच्या मेल जात असतील, तर एसपीएफ आणि डीमार्क रेकॉर्डला स्वतः हात लावू नका, एक टिंब चुकलं तर सगळ्या संस्थेची मेल अडेल, त्यापेक्षा लिस्टसाठी वेगळं सबडोमेन मागून घ्या. आयपी स्पॅमहाउससारख्या यादीत दिसला तर कारण शोधल्याशिवाय काढण्याचा अर्ज करू नका. आणि मेल क्यूमध्ये तुम्ही न पाठवलेल्या हजारो मेल दिसल्या तर सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलंय, त्या क्षणी पोस्टफिक्स थांबवा, काही पुसू नका, आणि जाणत्या सिस्टिम अ‍ॅडमिनला बोलवा, पैसे गेले तरी चालतील. ३ वर जाताना दहा-पंधरा वर्षांचं अर्काइव्ह असेल तरी मी तेच सांगेन, ज्याने हे आधी केलंय त्याला शेजारी बसवा.

दुरुस्ती झाल्यावरच बंद पडलेल्यांना चालू करा, आधी नाही. आणि फक्त 'बी' वाल्यांनाच. 'यू' असलेल्यांनी स्वतःहून मेल बंद ठेवलीय आणि 'ए' वाल्यांना अ‍ॅडमिनने, त्यांना चालू केलं तर ते चिडतील आणि बरोबरच आहे. २.१ मध्ये लिस्ट मेंबर्स या स्क्रिप्टला नोमेलचं कारण बायबाउन्स दिलं की नेमकी यादी मिळते, ३ मध्ये मेलमन मेंबर्सला बायबाउन्सेस दिलं की मिळते. ती यादी लॉगमधल्या ५.१.१ वाल्यांशी ताडून बघा, ज्यांचे पत्ते खरंच गेलेत ते वगळा, उरलेल्यांना चालू करा आणि एक छोटी मेल थेट त्यांच्या पत्त्यावर टाका, की बिघाड आमच्याकडचा होता, तुमच्या मेलबॉक्समध्ये काही चूक नव्हती, अमुक तारखेपासूनच्या मेल अर्काइव्हमध्ये आहेत. आणि ज्याच्या मेल बाउन्स होत होत्या त्यालाही लिहा. आमच्या त्या भाषांतराच्या मुलाला मी लिहिलं तेव्हा कळलं की त्याच्या पाच शंकांपैकी चार कुणी वाचल्याच नव्हत्या, म्हणून त्या मी माझ्या पत्त्यावरून लिस्टवर पुन्हा टाकल्या, आणि दोन दिवसांत चारींची उत्तरं आली.